वाकायामाचा कॅचर, २४ वर्षांनी

१७ ऑगस्ट २०१९ रोजी मी कोशिएनच्या मैदानात होतो. नोकरीसाठी ओसाकात राहायला आल्यावर कार्यालयातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला बजावले होते की, उन्हाळ्यात कोशिएन पाहिल्याशिवाय या देशातल्या माणसांविषयी मत बनवू नकोस. त्याच्या शब्दाला मान देऊन मी टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि बेसबॉलचे अगदी जुजबी ज्ञान घेऊन गेलो, आणि पहिल्याच भेटीत असा सामना पाहिला की त्यानंतरची सगळी वर्षे मी एका पराभूत संघाच्या प्रशिक्षकाचा माग काढत राहिलो. हा लेख त्या प्रशिक्षकाविषयी, नाकातानी जिन यांच्याविषयी आहे.

कोशिएन म्हणजे ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरातले १९२४ साली बांधलेले मैदान. एरवी ते हानशिन टायगर्स या व्यावसायिक संघाचे घर असते, पण ऑगस्टमध्ये ते शाळकरी मुलांचे होते. जपानचे ४७ प्रांत. त्यांपैकी तोक्यो आणि होक्काइदो यांचे दोन-दोन आणि बाकीच्यांचा एकेक, असे ४९ संघ येथे येतात. स्पर्धा बाद पद्धतीची असते, एक सामना हरला की घरी. हरलेली मुले मैदानाची काळी माती मुठीने पिशवीत भरून नेतात आणि बहुतेकांचे शालेय बेसबॉल तिथेच संपते.

त्या दिवशी वाकायामा प्रांताच्या चिबेन वाकायामा शाळेसमोर इशिकावाच्या सेइर्यो शाळेचा संघ होता, आणि सेइर्योकडे ओकुगावा यासुनोबु नावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू होता, जो पुढे व्यावसायिक खेळाडू झाला. नऊ डावांत बरोबरी झाली, सामना लांबत गेला, आणि ओकुगावाने एकट्याने १४ डाव टाकून २३ फलंदाजांना क्षेत्ररक्षकांच्या मदतीशिवाय, निव्वळ आपल्या चेंडूंवर बाद केले. मधल्या एका डावात त्याच्या पायात गोळे आले, तेव्हा समोरच्या संघाच्या, म्हणजे चिबेनच्याच कर्णधाराने त्याच्याकडे औषधाची गोळी पोहोचवली. मला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळली; मैदानात बसलेल्या माझ्यासारख्याला एवढेच दिसले होते की हा मुलगा लंगडतो आहे आणि तरीही त्याच वेगाने टाकतो आहे. शेवटी १४व्या डावात सेइर्योच्या फलंदाजाने चेंडू थेट प्रेक्षकांत मारला, ४ विरुद्ध १ असा निकाल लागला, आणि चिबेनची मुले जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

माझे लक्ष मात्र राहून राहून चिबेनच्या बाकाकडे जात होते. जपानी शालेय बेसबॉलमधल्या प्रशिक्षकाला ‘कान्तोकु’ म्हणतात. तो मुलांसारखाच पोशाख घालतो, पण सामना चालू असताना त्याने मैदानात पाऊल टाकायचे नसते. आपला पिचर ढेपाळतो आहे हे स्पष्ट दिसत असले, तरी व्यावसायिक सामन्यातल्याप्रमाणे चालत जाऊन त्याच्याशी चार शब्द बोलण्याची सोय नाही. राखीव मुलांपैकी एकाला निरोप देऊन पळवावे लागते, आणि तेही नऊ डावांत तीनदाच. निरोप घेऊन धावणारा तो मुलगा गेल्यावर बाकापाशी मागे उरलेल्या चाळिशीच्या माणसाला पाहून मी शेजारच्या प्रेक्षकाला विचारले की हे कोण. त्याने मैदानाकडची नजर न हटवता सांगितले की, हा पूर्वी याच शाळेचा कॅचर होता आणि इथेच विजेता ठरला होता.

बेसबॉलमधला कॅचर म्हणजे आपला यष्टीरक्षक, असे मी तोवर समजत होतो आणि ती समजूत फार अपुरी होती. मैदानावरचे बाकीचे आठ जण फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून उकिडवा बसतो आणि सगळे मैदान एका नजरेत पाहतो. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे तो बोटांच्या खुणांनी सुचवतो, पिचरचा राग, भीती आणि थकवा पहिल्यांदा त्याच्या लक्षात येतो, आणि वाईट पडलेला चेंडू छातीवर झेलायचे कामही त्याचेच असते. उद्याचा प्रशिक्षक घडवायला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

नाकातानी यांचा जन्म १९७९ सालचा, वाकायामा प्रांतातलाच. शाळकरी खेळाडूला ‘तो’ म्हणावे आणि प्रशिक्षकाला ‘ते’, अशी मराठीची रीत आहे. म्हणून काही ओळींपुरता मी त्यांना ‘तो’ म्हणतो. चिबेन वाकायामाच्या ज्या संघाने १९९६ साली कोशिएनवरच्याच वसंत ऋतूतल्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली आणि ती गमावली, त्या संघात तो होता. पुढच्या वर्षी, १९९७च्या उन्हाळ्यात, तो कर्णधार आणि कॅचर होता, आणि क्योतोच्या हेइआन शाळेला ६ विरुद्ध ३ असे हरवून शाळेने पहिल्यांदा उन्हाळी विजेतेपद मिळवले. त्याच वर्षीच्या व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत हानशिन टायगर्सने त्याला आपली पहिली पसंती म्हणून घेतले. ज्या मैदानात विजेता ठरला तेच मैदान आता घरचे होणार होते, वय अठरा, आणि घर, गाव, शाळा सगळ्यांना अभिमान वाटावा असे भविष्य समोर होते.

व्यावसायिक खेळाच्या दुसऱ्याच वर्षी, १९९९ मध्ये, संघातल्या एका सहकाऱ्याने फेकलेला मोबाइल फोन त्याच्या डाव्या डोळ्यावर आदळला आणि त्या डोळ्याची दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू झेलणे आणि मारणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यासाठी याचा अर्थ काय, ते खुलासा करून सांगायची गरज नाही. तरीही तो खेळत राहिला. हानशिनमध्ये २००५पर्यंत, नंतर २०११पर्यंत राकुतेन ईगल्समध्ये आणि शेवटचे एक वर्ष योमिउरी जायंट्समध्ये, अशी १५ वर्षे त्याने व्यावसायिक संघांत काढली, आणि एवढ्या काळात मुख्य संघातून त्याला शंभराच्या थोडे वरच सामने मिळाले. उरलेला सगळा काळ दुय्यम संघात, सरावात आणि राखीव बाकावर गेला. याच काळात हानशिन आणि राकुतेन या दोन्ही ठिकाणी काही वर्षे त्याचे प्रशिक्षक होते नोमुरा कात्सुया, जे स्वतः जपानच्या इतिहासातले सर्वांत मोठे कॅचर होते आणि खेळाडूंना वहीपेन्सिल घेऊन तासन्‌तास बैठकीत बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. मैदानात क्वचितच उतरणाऱ्या कॅचरला नोमुरांच्या बैठका चुकवण्याची मुभा मात्र नव्हती, आणि मला वाटते की त्या १५ वर्षांतली त्याची खरी कमाई तीच होती. २०१२ साली तो निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत जपानी संघाबरोबर गेला तो पिचरांना सराव देणारा कॅचर म्हणून.

आपल्याकडच्या वाचकाला येथे असे वाटेल की, एवढा अनुभवी माणूस आता सरळ आपल्या जुन्या शाळेत जाऊन मुलांना शिकवू लागला असणार. जपानमध्ये हे इतके सरळ नव्हते. १९६१ साली एका व्यावसायिक संघाने ठरलेला करार मोडून एका हौशी खेळाडूला आपल्याकडे ओढले, त्यावरून दोन्ही बाजूंचे संबंध तुटले, आणि त्या भांडणातून अशी भिंत उभी राहिली की एकदा पैसे घेऊन खेळलेल्या माणसाने शाळकरी मुलाला बॅट कशी धरावी हेदेखील शिकवू नये. १९८४ साली दार थोडे किलकिले झाले, पण शाळेत दहा वर्षे शिक्षकी केलेल्या माजी खेळाडूपुरतेच. पुढे ती अट कमी होत होत दोन वर्षांवर आली, आणि २०१३ साली ती काढून काही दिवसांचा अभ्यासवर्ग आणि त्यानंतरची मान्यता एवढेच उरले.

त्या जुन्या अटीने माणसांकडून काय करवून घेतले याचे एक उदाहरण येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओकोशी मोतोई हा सेन्दाई इकुएई शाळेचा पिचर १९८९च्या अंतिम सामन्यात दहाव्या डावापर्यंत टाकत राहिला आणि ० विरुद्ध २ असा हरला. पुढे फुकुओकाच्या दाइएइ हॉक्स संघात खेळून २००३ साली तो निवृत्त झाला, आणि तिशी ओलांडल्यावर, बायकामुलांच्या वयात, शिक्षक होण्याची पात्रता मिळवण्यासाठी शिमोनोसेकीतल्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. त्याच शहरातल्या हायातोमो शाळेत तो शिक्षक झाला, मग कान्तोकु झाला आणि २०१२च्या वसंतात आपला संघ घेऊन कोशिएनला परतला. नियम जाचक होता यात मला शंका नाही. पण त्या नियमामुळे का होईना, वर्गात फळ्यासमोर उभे राहिलेले असे काही प्रशिक्षक या खेळाला मिळाले.

नाकातानी यांना नव्या व्यवस्थेचा लाभ झाला. २०१७ साली ते चिबेन वाकायामात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये कान्तोकु झाले. ज्यांच्या जागी ते आले ते ताकाशिमा हितोशी हे १९९७ सालचे त्यांचेच गुरू. बाकाच्या पुढच्या कडेला हाताची घडी घालून मंदिराच्या द्वारपालासारखे उभे राहणारे ताकाशिमा, कोशिएनमध्ये ६८ विजय मिळवणारे आणि त्या वेळी त्या बाबतीत सर्वांच्या पुढे असलेले ताकाशिमा. अशा माणसानंतर ती जागा घेणे म्हणजे प्रत्येक पराभवानंतर ‘सर असते तर’ हे ऐकण्याची तयारी ठेवणे. मी पाहिलेला सेइर्योविरुद्धचा पराभव त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यातला होता.

डिसेंबर २०२० मध्ये या शाळेत जपानचे विख्यात फलंदाज इचिरो सुझुकी तीन दिवस शिकवायला आले. अमेरिकेतली कारकीर्द संपवून त्यांनीही तोच अभ्यासवर्ग पूर्ण केला होता आणि मान्यता मिळाल्यावर त्यांनी प्रत्यक्ष शिकवलेली ही पहिली शाळा. निघताना ते मुलांना म्हणाले, ‘चान्तो यात्ते यो’, म्हणजे ‘नीट करा हं’. एवढेच. आपल्याकडे आजी दप्तर खांद्यावर अडकवताना म्हणेल त्याहून यात अधिक काही नाही, पण वर्षभर त्या मुलांनी हे वाक्य एकमेकांना ऐकवले. सगळे श्रेय इचिरोंना देणारे लेख नंतर पुष्कळ आले. मला मात्र वाटते की तीन दिवसांनी इचिरो गेले आणि रोज सकाळी मैदानावर नाकातानी उभे राहिले, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. ज्याला सगळे जमले त्याच्याकडे पाहून सतरा वर्षांची मुले भारावतात. ज्याला पहिली पसंती मिळूनही राखीव बाकावर बसावे लागले, त्याला राखीव बाकावरच्या मुलाशी काय बोलावे हे कळते. आपल्या रमाकांत आचरेकर सरांच्या नावावरही प्रथम श्रेणीचा एकच सामना होता.

२०२१चा उन्हाळा विचित्र होता. करोनामुळे सामान्य प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, आणि चिबेनचा पहिला प्रतिस्पर्धी संघ साथीमुळे माघार घेऊन परतल्याने त्यांना न खेळताच पुढची चाल मिळाली. पावसाने स्पर्धा इतकी रेंगाळली की अंतिम सामना २९ ऑगस्टला झाला. मी तो घरी दूरचित्रवाणीवर पाहिला आणि पहिली काही मिनिटे कोणता संघ कोणाचा हेच मला कळेना, कारण समोर नारा प्रांतातली चिबेन गाकुएन होती, एकाच पंथाने चालवलेली थोरली शाळा. दोन्हींच्या छातीवर तीच लाल अक्षरे, जवळजवळ तोच पोशाख. फरक शोधायला बाहीवरचे प्रांताचे नाव वाचावे लागे. ताकाशिमा वाकायामाला येण्यापूर्वी याच नाराच्या शाळेचे प्रशिक्षक होते, त्यामुळे कोणीही जिंकले तरी एका अर्थाने त्यांचेच घर जिंकणार होते.

वाकायामाने पहिल्याच डावात चार धावा काढल्या आणि सामना ९ विरुद्ध २ असा जिंकला. शाळेचे हे २१ वर्षांनंतरचे उन्हाळी विजेतेपद होते. शेवटचा फलंदाज बाद झाल्यावर विजेत्यांनी धावत येऊन पिचरभोवती गर्दी करायची आणि एक बोट आकाशाकडे उंचावायचे, हा कोशिएनचा ठरलेला देखावा आहे, आणि मी चहाचा कप बाजूला ठेवून त्याचीच वाट पाहत होतो. तो झालाच नाही. मुले सरळ आपापल्या जागेवरून रांगेत येऊन उभी राहिली आणि त्यांनी समोरच्या संघाला वाकून नमस्कार केला. आरंभ नमस्काराने आणि शेवटही नमस्काराने, हे मुलांनी आपसांत ठरवले होते, असे नंतर वाचले. मला क्षणभर चुकल्यासारखे झाले हे कबूल करतो. एवढ्या विजयानंतर मुलांनी थोडे नाचायला हवे होते असे आजही वाटते. पण दोन वर्षांपूर्वी याच संघाने ओकुगावाला पाठवलेली गोळी आठवली आणि मी गप्प बसलो.

त्यानंतरची वर्षे चढउताराची आहेत. २०२२ साली विजेता संघ कोशिएनवर पहिल्याच सामन्यात हरला, २०२३ साली तर प्रांताच्या फेरीतच बाद झाला, २०२४ साली पुन्हा पहिल्या सामन्यात जादा डावांत हार. २०२५च्या वसंतात संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि योकोहामाकडून ४ विरुद्ध ११ असा हरला, उन्हाळ्यात पहिल्याच सामन्यात हानामाकी हिगाशीने त्यांना घरी धाडले. माझा तो वयस्कर सहकारी आता निवृत्त होऊन गावी राहतो, पण अशा प्रत्येक पराभवानंतर त्याचा न चुकता संदेश येतो आणि त्यात एकच प्रश्न असतो, की आज कान्तोकूने तिन्ही निरोप वापरले का. त्याचे उत्तर देता यावे म्हणून मी हल्ली सामना पाहताना शेजारी कागद ठेवतो आणि मुलगा बाकावरून पळाला की एक रेघ ओढतो.