बाबांची कॅश आणि अकराची बस

मंगळवार, रात्रीचे 10.40

बाबा आज साडेनऊलाच झोपले म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर गेले पंधरा दिवस वही उघडायची, तारीख टाकायची आणि पेंगायचं एवढंच चाललंय. नाण्यांचं प्रकरण आधी लिहून टाकते कारण ती चूक माझी होती आणि आईने अजून दोन-चारदा ऐकवायच्या आत कबूल केलेली बरी.

बाबा 31 वर्षं बसवर कंडक्टर होते. अल्झायमरचं निदान होऊन आता चौथं वर्ष चालू आहे. डॉक्टर पहिल्यापासून सांगतायत की नुसतं टीव्हीसमोर बसवून ठेवू नका, हाताला काहीतरी द्या आणि जे द्याल ते त्यांच्या आयुष्यातलं द्या. त्यांनीच समजावलं होतं की मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग असतो, नवीन आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं, आणि या आजारात तो लवकर बिघडतो, म्हणून सकाळचे पोहे दुपारी आठवत नाहीत, पण हाताला लागलेली सवय वेगळ्या ठिकाणी साठवलेली असते आणि ती बरीच पुढेपर्यंत टिकते. हे मला घरातच दिसतं. बाबांना माझं नाव पटकन सापडत नाही, पण दहाच्या नोटांची चळत हातात द्या, अंगठा असा सरसर फिरतो की बँकेतला माणूस लाजेल.

याच्या आधी बरेच उद्योग करून झाले. एका डे केअरला महिनाभर नेलं, तिथे मणी ओवणं, ससा रंगवणं, टाळ्या वाजवत बडबडगीतं. तिसऱ्या दिवशी बाबांनी खडू खाली ठेवला आणि शेजारच्या आजोबांना विचारलं, "यांची शाळा सुटते किती वाजता?" दादाने टॅबवर ब्रेन गेम टाकून दिले, ते सध्या मी खेळते.

तर मग मला सुचलं की कंडक्टर माणूस, याला सुट्टे पैसे मोजायला देऊ. माळ्यावरून त्यांची चामड्याची जुनी बॅग काढली, वाण्याकडून 600 रुपयांची चिल्लर आणली, एक वही दिली. वेळ संध्याकाळी साडेपाचची ठेवली कारण ऊन उतरायला लागलं की त्यांची घालमेल सुरू होते, येरझाऱ्या, दाराची कडी काढघाल, "चला आता घरी जाऊ" (घरात बसून). याला सनडाउनिंग म्हणतात, डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, बऱ्याच जणांना होतं. म्हटलं नेमक्या त्या वेळी हात गुंतलेले राहतील. पहिले दोन दिवस काय सांगू, पाचची वेगळी, दहाची वेगळी, दहा-दहा नाण्यांचे मनोरे, शेवटी वहीत आकडा आणि खाली रेघ. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, अंगठे आले, मी खूश.

तिसऱ्या दिवशी मी रिक्षाला सुट्टे हवे म्हणून त्यातले वीस रुपये उचलले आणि विसरून गेले. माझी आठवण धडधाकट बरं का.

बाबांनी मोजले, 580. परत मोजले. वहीत वर 600 दोनदा लिहिलेलं. मग बॅग उलटी केली, सोफ्याच्या गाद्या काढल्या, खाली वाकून टॉर्च मारला, कपाळावर घाम. "वीस शॉर्ट आहेत, खिशातून भरावे लागतील." मी घाईघाईने पर्समधून वीस काढून हळूच ढिगात सरकवले तर ते आणखी बिघडलं, कारण त्यांनी परत मोजले आणि म्हणाले, "आता जास्त कसे आले? चेकर म्हणेल तिकीट न देता घेतले." शर्ट चढवून निघाले डेपोत जायला. दोन जिने उतरले होते, खालच्या काकूंनी चहाला म्हणून आत बोलावलं तेव्हा थांबले.

अर्ध्या तासात पैशाचं सगळं विसरले. पण चेहरा तसाच राहिला. जेवले नाहीत, आईशी बोलले नाहीत, कशाने ते त्यांनाही सांगता येईना. प्रसंग पुसला जातो आणि त्याने आलेली भीती मागे राहते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि ताट तसंच परत नेणं वेगळं.

आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "अगं, एकतीस वर्षं रोज संध्याकाळी मी हेच तोंड बघितलंय. हिशोब जुळला की माणसात यायचे. आता सुटले होते बिचारे, तर तू परत ड्युटीला लावलंस."

मला हे सुचलंच नव्हतं. पूर्वीच्या कामातलं काहीतरी द्या असं सगळे सांगतात, मीही चार जणांना सांगितलंय, पण त्या कामातलं काय आवडायचं आणि कशाने पोटात गोळा यायचा हे कोण विचारतं? आणि वेळ तरी काय निवडली मी, साडेपाच, म्हणजे नेमकी शिफ्ट संपून कॅश भरायची. मग मी आईलाच विचारलं, त्यांना आवडायचं काय? ती जराही न थांबता म्हणाली, "पहिली फेरी. गाडी रिकामी असते आणि स्टॉपची नावं ओरडायला मिळतात."

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही अकराच्या सुमाराला, ऑफिसची गर्दी ओसरली की, कोथरूड स्टँडवरून स्वारगेटची बस पकडतो. काम काही नाही, नुसतं जायचं आणि यायचं. बाबा खिडकीत. कर्वे पुतळा गेला की पाठ सरळ होते. "करिष्मा... मृत्युंजय... पौड फाटा... नळ स्टॉप." गाडी स्टॉपला लागायच्या आधी नाव तयार. काल रात्री काय खाल्लं ते माहीत नाही पण गरवारे कॉलेजनंतर डेक्कन येतं यात शंका नाही. कर्वे रोडवर वर मेट्रो आली 2022 च्या मार्चमध्ये, तिने मात्र त्यांचा घोटाळा होतो. "हे वर काय बांधलंय?" मी सांगते मेट्रो. पुढच्या खांबापर्यंत परत तेच. आधी मी वैतागायचे, आता मीही दरवेळी वर बघते आणि "बापरे, केवढं बांधलंय" म्हणते, तेवढ्यावर भागतं.

लकडी पूल आला की 61 सालचं पाणी निघतंच. पानशेत धरण फुटलं, 12 जुलै, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. गोष्ट दर खेपेला थोडी बदलते, कधी वाहून गेलेली सायकल मामाची असते कधी शेजाऱ्यांची. मी दुरुस्त करत नाही.

दुरुस्त न करण्यावरून आठवलं. इंग्लंडमध्ये कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी म्हणून मेंदूला चालना द्यायची एक पद्धत तयार झालीय, सौम्य आणि मध्यम डिमेन्शियासाठी, छोट्या गटात आठवड्याला दोनदा असे 7 आठवडे, एकूण 14 सेशन. त्यातलं एक तत्त्व मला फार आवडलं, की माहिती विचारू नका, मत विचारा. माहिती चुकते, मत चुकत नाही. आपल्याकडे उलटं. येईल तो पाहुणा सोफ्यावर टेकायच्या आधी, "काय काका, ओळखलंत का मला? सांगा बघू कोण?" अरे परीक्षा घ्यायला आलायस का चहा प्यायला! मी आता बसमध्ये विचारते, बाबा, टिळक रोड बरा का लक्ष्मी रोड? मग स. प. कॉलेज येईपर्यंत लक्ष्मी रोडला शिव्या. वन वे, गर्दी, साड्यांच्या पिशव्या घेऊन दारातच उभ्या राहणाऱ्या बायका. पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघतात.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एका वृद्धाश्रमाबाहेर खोटा बसस्टॉप उभा केला होता, बस येतच नाही, घरी जायचं म्हणून बाहेर पडलेले आजी-आजोबा तिथे बसतात आणि थोड्या वेळाने विसरून आत येतात. पूर्वी वाचलं तेव्हा हुशारी वाटली होती. आता नक्की काय वाटतं ते ठरत नाही. मी तरी खोट्या ड्युटीपेक्षा खऱ्या बसचं तिकीट काढते, जमतंय तोवर.

सगळं गोड नाहीये. स्वारगेटला बाथरूमचा प्रश्न येतो, मी जेन्ट्समध्ये जाऊ शकत नाही, आज एका कॉलेजच्या मुलाला विनंती केली, त्याने काही न विचारता बाबांचा हात धरला. घरून निघताना जाऊन यायचं, चहा परतल्यावरच, हे आता पाठ झालंय.

येताना एक पंचविशीतला कंडक्टर होता. बाबा त्याच्या मशीनकडे बघत बसले, मग म्हणाले, "चिमटा कुठंय तुमचा?" म्हणजे पूर्वीचा तिकिटाला भोक पाडायचा. तो हसला, "गेला काका, आता सगळं यातच." बाबांनी समोरच्या दांड्यावर बोटाच्या पेराने दोनदा टक टक केलं, सवयीने. त्या पोराने बघितलं आणि नेमकी तेव्हाच डबल बेल दिली. गाडी सुटली. बाबा माझ्याकडे बघून असे हसले की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळी कॅशचा प्रश्न अजून अधूनमधून येतो. त्यावर आईनेच तोड काढलीय, त्याच वहीत ती लिहिते, "हिशोब बरोबर, पैसे मिळाले" आणि खाली झोकात सही. ते वाचतात, वही मिटतात, चहा मागतात.

शुक्रवारी आईही येणार म्हणतेय. लग्नानंतर ती एकदाच त्यांच्या गाडीत चढली होती, तेव्हा यांनी ओळख न दाखवता तिचं पूर्ण तिकीट फाडलं होतं, ते तिने अजून माफ केलेलं नाही. शिवाय तिला खिडकी हवीय. बाबा म्हणाले, खिडकी देणार नाही.

तीन दिवस आहेत अजून, बघू.