मोबाइलवर नकाशा लवकर उघडावा म्हणून: चौथी नोंद

ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवरून मी तयार केलेला नकाशा मोबाइलवर सावकाश उघडत होता आणि दोष रेषांच्या अतिबारकाव्याचा आहे, असे मी आजवर धरून चाललो होतो. या आठवड्यात एक व्हेक्टर टाइल (नकाशाचा चौकोनी तुकडा, ज्यात चित्राऐवजी बिंदू, रेषा आणि त्यांची नावे साठवलेली असतात) उलगडून पाहिली, तेव्हा ती समजूत चुकीची ठरली. टाइलमधील बिंदू सहसा प्रत्येक बाजूस 4,096 घरे असलेल्या जाळीवर पूर्णांकांत मांडलेले असतात आणि प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूपासूनच्या फरकाने लिहिला जातो. त्यामुळे -64 ते 63 इतका फरक एका बाइटमध्ये मावतो. भूमिती आधीच आटोपशीर होती. जागा अडवली होती ती एकेका ठिकाणाच्या कितीतरी भाषांतील नावांनी. टिपेकॅनो या टाइल तयार करणाऱ्या साधनामध्ये स्थानिक नाव आणि रस्त्याचा प्रकार एवढेच गुणधर्म ठेवले, तेव्हा टाइल लक्षणीय हलकी झाली. रेषांचे सुलभीकरण मात्र मी मागे घेतले, कारण नदीचे काठ पुलांपासून सुटलेले दिसू लागले होते.

उरलेला विलंब सर्व्हरपर्यंतच्या फेऱ्यांचा होता. आता सगळ्या टाइल एकाच पीएमटाइल्स फाइलमध्ये आहेत; या प्रकारच्या फाइलमधून फोन हवे तेवढेच बाइट मागवतो. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत 127 बाइटचे शीर्ष (फाइलची प्राथमिक माहिती) आणि कोणती टाइल फाइलमध्ये कुठे आहे हे शोधण्याची मूळ सूची पहिल्या 16,384 बाइटमध्येच असतात, म्हणजे एका विनंतीत दोन्ही हाती येतात. नकाशाच्या नव्या भागात शिरताना त्या भागाच्या उपसूचीसाठी आणखी एक फेरी लागते. परंतु टाइल हिल्बर्ट वक्राच्या, म्हणजे जवळच्या टाइल बहुतांशी जवळजवळ ठेवणाऱ्या, क्रमाने मांडलेल्या असल्यामुळे शेजारच्या बहुतेक टाइलना तीच उपसूची पुरते. ती उपसूची फोनच्या स्मृतीत राखून ठेवणे हा या आठवड्यातील सर्वांत लाभदायक बदल ठरला.

एक चूक येथे नोंदवणे आवश्यक आहे. नवी फाइल मी जुन्याच नावाने चढवली. फोनकडे जुनी सूची होती आणि फाइलमधील स्थाने सरकलेली होती, त्यामुळे भलतेच बाइट येऊन अर्धा पडदा कोरा राहिला. आता फाइलच्या नावातच तारीख असते.

टाइल तयार करताना झूम (नकाशा जवळून पाहण्याची पातळी) 14 वरच थांबलो आहे. त्या पातळीवर संपूर्ण जगाच्या 26,84,35,456 टाइल होतात आणि पुढची पातळी त्याच्या चौपट असते; त्यापुढे फोन तीच टाइल मोठी करून रेखाटतो आणि रेषा तरीही स्वच्छ दिसतात. पुढील आठवड्यात पडद्याभोवतीच्या टाइल आगाऊ मागवून पाहणार आहे.