पाचातला एक शाफ्ट

माझ्या हाताखालून टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, होऊन गेलेला मुलगा कारखान्याच्या चाचणीत नापास झाला, म्हणून तिथल्या सुपरवायझरने मला बोलावून घेतलं. खरं तर मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. वर्गातला सगळ्यात स्वच्छ हात त्याचा.

पाच शाफ्ट, म्हणजे पोलादाचे गोल दांडे, करायचे होते. व्यास 25 एच 7, म्हणजे 25.000 पासून 24.979 मिलिमीटरपर्यंत. मापात चालणारी सगळी सूट मिळून 21 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 21 हजारांश. चार शाफ्ट रिजेक्ट, मापाला कमी.

"सर, मी मायक्रोमीटरनेच मोजलं. 24.98 होतं," तो मान खाली घालून म्हणाला. सुपरवायझर हसला. मला ते हसणं आवडलं नाही, पण पुढे इन्स्पेक्शनच्या खोलीत मी स्वतः मोजलं तर 24.97 च भरलं. रॅचेट फिरवून तीनदा पाहिलं, शून्य तपासलं. मायक्रोमीटर ठीक होता.

मग पाचवा शाफ्ट पास कसा झाला?

"तो सुट्टीच्या आधी रफ करून, म्हणजे ढोबळ कातून, ठेवला होता. फिनिशिंगचा शेवटचा कट परत आल्यावर घेतला."

आता माझी ट्यूब पेटली. मी त्याला आणखी एक शाफ्ट करायला लावला आणि मागे उभा राहिलो. त्याने कट लावला, निळसर कीस निघू लागला, पण जॉब गार ठेवणाऱ्या कूलंटच्या नळाकडे हात गेलाच नाही. फिनिशिंग झाल्या झाल्या त्याने मायक्रोमीटर लावला. मी जॉबला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. साठ अंश तरी असेल. पोलाद तापलं की फुगतं. 25 मिलिमीटरचा व्यास 40 अंशांनी तापला तर साधारण 12 मायक्रॉन वाढतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त सूट नुसत्या उष्णतेनेच खाल्ली. इन्स्पेक्शनची खोली 20 अंशांवर असते, मापं त्याच तापमानाला धरतात. तिथे जाईपर्यंत शाफ्ट निवून आकसणार, दुसरं काय होणार? पाचवा तेवढा सुट्टीत आधीच निवला होता, म्हणून वाचला.

नळाकडे त्याचा हात का गेला नाही, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. आमच्या लेथचा कूलंट पंप दोन वर्षं बंद आहे. आम्ही सूट देतो ती अधिक-उणे 0.1 मिलिमीटर, मोजतो व्हर्नियरने, आणि जॉब तपासतो दुसऱ्या दिवशी सकाळी, गार झाल्यावर. मायक्रोमीटर कपाटात, परीक्षेला निघतो. प्रसरणाचं गणित फळ्यावर मीच शिकवलं होतं, मुलांनी ते सोडवलंही होतं.

सुपरवायझरला हे सगळं सांगताना माझा आवाज जरा खालीच आला. तो बरा माणूस निघाला. आठवड्याने पुन्हा चाचणी घेऊ म्हणाला.

पंपासाठी पुन्हा अर्ज दिला आहे. तोवर डब्यातलं कूलंट ब्रशने लावत कट घेतो. फरशी निसरडी होते, कपडे सगळ्यांचेच खराब होतात. कपाटाची किल्ली आता माझ्या खिशात असते.