तुम्ही विचारलंत म्हणून: हा नोकिया अजून चालतो कसा?

खिशातून नोकिया 1100 काढला की समोरचा आधी विचारतो, हा अजून चालतो कसा, काय करता काय तुम्ही त्याला? आणि मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, आमच्या वडलांसाठी असला एक बघून द्या की. सोलापुरात नवी पेठेत, कारखान्यात, लग्नात, सगळीकडं हेच, आणि उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही कारण सांगण्यासारखं लै आहे, म्हणून आज निवांत बसून लिहितो.

माझं उत्तर एवढंच आहे की हा फोन उघडता येतो म्हणून चालतो. मागचं झाकण सरकवलं, बॅटरी नखानं उचलली, पुढचं पॅनल काढलं, मग आत स्टार स्क्रू आहेत ते टी-6 च्या स्क्रूड्रायव्हरनं सुटतात, आणि मग कीपॅड, डिस्प्ले, बोर्ड सगळं वेगवेगळं हातात येतं. मागचं पॅनल चिकटवलेलं नाही, बॅटरी चिकटवलेली नाही. जो भाग गेला तो बदलायचा आणि परत बसवायचा. आजच्या बहुतेक फोनची बॅटरी बदलायची म्हटलं की आधी मागचं पॅनल गरम करून गोंद सोडवावा लागतो, तिथंच माणूस म्हणतो जाऊ दे, नवीनच घेऊ.

हा फोन 2003 मध्ये आला. जगभरात 25 कोटींच्या वर विकला गेला, आणि 2005 मध्ये नोकियाचा शंभर कोटीवा फोन विकला गेला तोही 1100 च होता, नायजेरियात. आपल्यासारख्या देशांचा विचार करून बनवलेला, म्हणजे लाईट जाते म्हणून टॉर्च, धूळ असते म्हणून वरून अखंड रबराचा कीपॅड, घामानं निसटू नये म्हणून कडेला खरखरीत पकड. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतो, पूर्व भागात, आणि माग चालू असले की हवेत सुताची धूळ कशी उडते ते सोलापूरकराला सांगायला नको. माझ्या टेबलावर सकाळी पुसलं तरी दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्या हवेत हा फोन माझ्या खिशात राहिलाय. मागांच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, पण व्हायब्रेशन छातीला बरोबर कळतं.

तरी धूळ आत जातेच. वरून नाही, खालून, चार्जिंगच्या पिनेतून आणि माइकच्या भोकातून. उघडलं की दिसतं, चार्जिंगच्या खाचेत सुताचा राखाडी बोळा दाबून दाबून घट्ट बसलेला असतो, इतका की चार्जरची पिन पूर्ण आत जात नाही आणि लोक म्हणतात चार्जिंग होईना, पिन गेली. पिन गेलेली नसते बहुतेक वेळा. बॅटरी काढा, लाकडी टूथपिकनं तो बोळा हळूच ओढून काढा (सुई घालू नका, आतली पट्टी वाकते), मग चार्जर लावून बघा. बटण दाबत नसेल तर तेच, कीपॅडचं रबर काढून साबणाच्या पाण्यानं धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं, बोर्डावरचे गोल ठिपके असतात ते आयपीए म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसायचे, मोबाईल रिपेअरिंगचं सामान मिळतं तिथं बाटली मिळते. थिनर वापरू नका. थिनर प्लॅस्टिक खातं.

आता बॅटरी. खरं म्हणजे विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचं काम नुसत्या या भागानं होईल.

या फोनची बॅटरी बीएल-5सी. आणि हेच या फोनचं सगळ्यात मोठं नशीब, कारण ही बॅटरी नोकियाच्या ढीगभर मॉडेलला चालायची, 1100, 1110, 1600, 6600, आणि पुढं छोट्या एफएम रेडिओवाल्यांनी आणि स्पीकरवाल्यांनीही तीच घेतली, त्यामुळं ती आजही नवीन बनते आणि मिळते. अडचण आहे ती डुप्लिकेटची. पाकिटावर 2500, 3000 एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेलं दिसलं की ती बॅटरी तिथंच ठेवा. मूळ बीएल-5सी आधी 850 ची यायची, नंतर 1020 ची, त्या मापाच्या डबीत त्याच्या तिप्पट बसतच नाही. एका दुकानातून घेतलेली असली एक मी चार्ज मोजायच्या मीटरवर तपासली, छापील आकड्याच्या चौथा हिस्सासुद्धा भरला नाही. दुसरी खूण वजन, खोटी बॅटरी हातात घेतली की हलकी लागते. आणि बिल मागा, बिल द्यायला जो कचरतो त्याच्याकडं घेऊ नका.

फुगलेली बॅटरी ओळखायला मीटर लागत नाही. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर आडवी ठेवा आणि बोटानं फिरवा. चांगली बॅटरी थोडी सरकून थांबते, फुगलेली भोवऱ्यासारखी फिरते कारण ती मधल्या पोटावर टेकलेली असते. फिरली की संपली, परत फोनमध्ये घालायची नाही, टोचायची नाही, दाबून सपाट करायची तर नाहीच नाही. कचऱ्यातही टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. ही बॅटरी निष्काळजीपणे वापरायची वस्तू नाही, 2007 च्या ऑगस्टमध्ये नोकियानं स्वतः 4 कोटी 60 लाख बीएल-5सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता, मात्सुशिताच्या कारखान्यात डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 मध्ये बनलेल्या, चार्जिंगला गरम होतात म्हणून, आणि त्या बदलूनही दिल्या. तेव्हा गावोगाव लोक बॅटरी उलटी करून नंबर बघत होते ते आठवत असेल तुम्हाला.

व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर अजून सोपं. प्लस-मायनसला लावा, पूर्ण भरलेली 4.2 व्होल्टच्या आसपास दाखवते. कपाटात पडून पडून दोन व्होल्टवर आलेली असेल तर ती चिमट्याच्या चार्जरला लावून जिवंत करायचा नाद करू नका. लोक करतात, चालूही होते, पण आतून खराब झालेली असते आणि भरवशाची राहत नाही.

आपल्याकडचा मुख्य शत्रू मात्र ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूर 43-44 ला जातं, आणि लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी एकदम सोसत नाहीत, पूर्ण भरलेली असणं आणि तापणं. म्हणून उन्हाळ्यात फोन गाडीच्या डिकीत ठेवू नका, पत्र्याच्या शेडखाली चार्जिंगला लावू नका, पहाटे लावा. जास्तीची बॅटरी ठेवायची असेल तर अर्धी भरून, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात, खालच्या कप्प्यात. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की ओल धरते. मी असंच करतो आणि माझ्या बॅटऱ्या शेजाऱ्यांच्या बॅटऱ्यांपेक्षा खूप जास्त टिकतात, आणि हे मी नुसतं सांगत नाही, येऊन बघा.

आता नेटवर्क, कारण फोन कितीही चांगला असला तरी सिम चाललं पाहिजे. 1100 हा फक्त 2जी फोन आहे, 900 आणि 1800 मेगाहर्ट्झवर चालतो. जिओकडं 2जी नाहीच, त्यामुळं जिओचं सिम यात घालून 'नो नेटवर्क, फोन खराब' म्हणू नका. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल चालतं. एक मित्र म्हणाला 1100 कशाला वापरलालास बे, नोकियाचाच ई71 घे की, थ्रीजी हाय त्यात. फोन देखणा आहे यात वादच नाही, पण एअरटेलनं थ्रीजी 2020 मध्येच गुंडाळलं, त्यामुळं त्या सिमवर ई71 सुद्धा शेवटी 2जीवरच बोलणार. थ्रीजीसाठी म्हणून जुना फोन घेऊ नका.

सिमच्या मापाचं नीट ऐका. आता जे सिम मिळतं ते एकाच कार्डात तिन्ही मापांचं असतं, मोठं, मधलं, छोटं, आणि दुकानदार सवयीनं लगेच छोटं मोडून देतो. त्याला आधीच सांगा, मोडू नका, मोठंच राहू द्या. ॲडॉप्टरमध्ये छोटं सिम घालून चालतं, पण काढताना ते सिम निसटून आतल्या पिनांत अडकतं आणि एक पिन वाकली की सिमचा सॉकेटच बदलावा लागतो. घालायचंच असेल तर मागून पातळ सेलोटेप लावा.

जुना फोन विकत घेताना *#06# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो. मग बॅटरी काढून खालच्या स्टिकरवरचा नंबर बघा, दोन्ही एकच असले पाहिजेत. नसतील तर बोर्ड दुसऱ्याचा किंवा बॉडी दुसऱ्याची. बॉडी बदललेली असणं काही वाईट नाही, माझ्याही फोनची बदललेली आहे, पण जुन्या बॉडीवरचं मूळ स्टिकर मी जपून ठेवलंय आणि विकणाऱ्याकडंही ते असायला हवं. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, जागा सोडून आयएमईआय, आणि 14422 या सरकारी नंबरला मेसेज. चोरीचा म्हणून बंद केलेला किंवा दुबार नंबरचा असेल तर उत्तरात कळतं. आयएमईआय सगळे शून्य आले तर पुढं बोलूच नका, बिननंबरी फोन 1 डिसेंबर 2009 पासूनच आपल्याकडं नेटवर्कवर बंद आहेत. मग सी चं बटण दाबून धरा, टॉर्च लागते का बघा, आणि कुणाला तरी कॉल लावून समोरच्याला विचारा आवाज दबका येतो का. माइकपाशी धूळ असते, दुकानदाराला तिथंच साफ करायला लावा.

कुणी घ्यावा हेही लोक विचारतात. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, विड्या वळतात. मुलानं टचचा फोन घेऊन दिला होता. त्या मला म्हणाल्या, "दादा, माझं बोटच लागत नाही ओ त्याला." खरंच होतं, तंबाखू आणि पानं चोळून बोटांची टोकं कडक कोरडी झालेली, स्क्रीनला ती बोटं कळायचीच नाहीत, फोन वाजत राहायचा आणि त्या नुसत्या घासत बसायच्या. त्यांना मी 1110 लावून दिला. मुलाचा नंबर 2 वर, लेकीचा 3 वर, दाबून धरलं की कॉल लागतो. आता त्या न बघता फोन उचलतात, हातात विडी असली तरी. अशा माणसांनी घ्यावा, मागावर काम करणाऱ्यांनी घ्यावा, शेतात दिवसभर असणाऱ्यांनी घ्यावा. बँकेचा ओटीपी यात येतो, *99# लावून बॅलन्स बघता येतो आणि एका वेळी 5000 पर्यंत पाठवताही येतात, फक्त नंबर बँकेत जोडलेला पाहिजे. क्यूआर कोड स्कॅन होणार नाही, व्हॉट्सॲप नाही, मुलांच्या शाळेचे ग्रुप नाहीत. ज्याला हे रोज लागतं त्यानं हा एकटा फोन ठेवू नये, माझ्याकडंही घरी दुसरा आहे.

आणि ज्यांनी ठरवलंय त्यांनी नंबर फोनमध्ये न ठेवता सिमवर सेव्ह करा, फोन कधीही उघडावा लागेल तेव्हा सिम दुसऱ्या डबड्यात घातलं की काम चालू. कीपॅडचं रबर आणि एखादी बॉडी मिळते तोवर घेऊन ठेवा, आता पूर्वीसारखी मिळत नाहीत. तुमच्या घरात माळ्यावर बंद पडलेला 1100, 1110, 1600 काहीही असेल तर भंगारात देऊ नका, डिस्प्ले फुटलेला असला तरी चालेल, मला सांगा, मी येऊन घेऊन जातो. बोर्ड चांगला असला तर दुरुस्त करून गरजवंताला देतो, नसला तरी त्याचा स्पीकर, रिंगर, सिमचा सॉकेट कुणाच्या तरी फोनला लागतोच.