बाईकच्या पुढच्या ब्रेकची थरथर, नोंद ४: डिस्क निर्दोष सुटली, दोष हबमध्ये सापडला

फिरताना डिस्क किती डगमगते ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा ०.२४ वरून ०.०७ मि.मी. वर आला, तोही जुनीच डिस्क ठेवून. मागच्या नोंदीत डिस्क घासून, नवे पॅड टाकून थरथर गेल्याचं लिहिलं होतं. ती जेमतेम ३०० किलोमीटरांत जशीच्या तशी परत आली. ६० च्या वेगाला हलका ब्रेक धरला की लिव्हर बोटांखाली धडधडतो आणि वेग उतरेल तशी धडधड विरळ होत जाते.

ही विरळ होत जाण्याची खूण सगळ्यात मोलाची. चाकाचा परीघ साधारण १.९ मीटर धरला तर ६० ला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे घेतं, ३० ला साडेचार. ठोके वेगाबरोबर निम्मे होत असतील तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या भागात असतो. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला असेल किंवा फोर्कचे (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे) बुश झिजले असतील तर हादऱ्याची लय वेगाप्रमाणे अशी बदलत नाही. तरीही कोनसेट आधी तपासलेलाच बरा, पाच मिनिटांचं काम आहे. पुढचं चाक उचलायचं, फोर्कची खालची टोकं धरून मागेपुढे ओढायची, मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. खेळ नाही, मधोमध खाचही लागली नाही. तो विषय संपला.

आता जाडी. डिस्कवर मार्करने आठ खुणा केल्या आणि बाहेरच्या कडेपासून १० मि.मी. आत मायक्रोमीटरने मोजलं. सगळी मापं ४.४२ ते ४.४४ च्या दरम्यान. डिस्कवर कोरलेली किमान जाडी ४.० आहे, म्हणजे आयुष्य भरपूर उरलंय. पण ०.०२ चा हा फरक लिव्हरला जाणवायला पुरतो. इथे व्हर्नियर चालत नाही, त्याची अचूकताच या फरकाएवढी असते. मायक्रोमीटर रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या मुठीने) आवळायचा, नाहीतर हाताच्या दाबानेच माप बदलतं.

घासल्यानंतर, नोंद ३ मध्ये, हाच फरक ०.०१ च्या आत होता. म्हणजे डिस्क मुळात कमीजास्त जाडीची नव्हती. पॅडचा थर काही जागी जास्त बसतोय आणि घासून काढला तरी पुन्हा तिथेच बसतोय. मग त्याच जागी का?

कारण रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कचं डावीउजवीकडे डगमगणं. ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते. त्या जागेवर हळूहळू थर चढतो किंवा ती जागा झिजते, जाडी बदलते, आणि ब्रेक धरल्यावर हीच जाडी पिस्टनला मागे ढकलून लिव्हरमध्ये ठोका देते. घासण्याने थर जातो, चाटणं तसंच राहतं. मागच्या वेळची चूक नेमकी हीच: जाडी मोजली, रनआउट मोजलाच नाही.

रनआउट मोजताना पहिली अडचण स्टँडची. चुंबकी स्टँड ॲल्युमिनियमच्या फोर्कला चिकटत नाही. फोर्कच्या खालच्या भागावर ४ मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी दोन होज क्लिपांनी आवळली, खाली रबराचा तुकडा, आणि तिच्यावर स्टँड. डायल गेज स्वस्तातला चालतो, काटा प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी परत आला म्हणजे झालं. पैसे घालायचे तर स्टँडवर घाला. सांध्यात लवणारा स्टँड ०.०५ सहज खोटं दाखवतो. बेअरिंगचा खेळ मापात येऊ नये म्हणून चाक एका बाजूला हलकं दाबून फिरवायचं.

माप आलं ०.२४. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३० दिलेली असते, त्यामुळे कुठल्याही वर्कशॉपने ही डिस्क ठीक आहे म्हणून परत दिली असती. पण मर्यादेच्या आत असलेली डिस्क थरथरत नाही, असं त्या आकड्याचं म्हणणं नाहीच.

इथे नवी डिस्क मागवायची असं ठरत आलं होतं. त्याआधी एक चाचणी केली, आणि ती करायला अजिबात आळस करू नका. हबच्या, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मधल्या भागाच्या, पाच बोल्टच्या जागांना १ ते ५ क्रमांक दिले, डिस्कच्या भोकांनाही दिले. उंचवटा हबच्या २ क्रमांकाजवळ होता. डिस्क उतरवली, एक भोक म्हणजे ७२ अंश पुढे फिरवून बसवली, त्याच टॉर्कला आवळली, पुन्हा मोजलं. उंचवटा डिस्कसोबत सरकला असता तर दोष डिस्कचा. तो हबच्या २ पाशीच राहिला, माप ०.२३. डिस्क सुटली!

हबची बैठक नुसत्या डोळ्यांना साफ दिसत होती. बैठकीवर मार्करची शाई फासली, सपाट तेलदगड हलक्या हाताने फिरवला, तर पाचांपैकी एकाच भोकाभोवतीची शाई आधी उडाली. तेच २ क्रमांकाचं. कधीतरी तो बोल्ट जास्त आवळला गेल्याने ॲल्युमिनियमचा पहिला आटा वर ओढला गेलाय आणि भोकाच्या काठाला बारीक कडं तयार झालंय. शेजारी जुन्या थ्रेडलॉकचे (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाचे) कडक खडे होते ते वेगळेच.

एवढ्याशा कड्याने काय होतं, याचा हिशेब करून पाहा. बोल्टचं वर्तुळ १०० मि.मी. व्यासाचं, गेज टेकतो तिथला व्यास २८०. बैठकीवरचं उचललं जाणं तिथे जवळपास २.८ पट होतं. कडं काढल्यावर कमी झालेला ०.१७ चा रनआउट (०.२४ वरून ०.०७) म्हणजे बैठकीवर फक्त ०.०६, केसाच्या जाडीएवढं.

कडं काढताना ग्राइंडर किंवा ड्रिलवरची चकती लावू नका, बैठक कायमची बिघडेल. काउंटरसिंकचं (भोकाची कड तिरपी कापणारं) पातं हाताने दोन वळसे फिरवून भोकाची कड मोडली, उरलेलं तेलदगडाने, शाई सगळीकडे सारखी उडेपर्यंत. आट्यांतलं थ्रेडलॉक टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून काढलं. बैठकीवर ग्रीस किंवा रंग काहीही नको, कोरडा धातू धातूला टेकला पाहिजे. बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा मॅन्युअलमधल्या टॉर्कला, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावून.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उतरवलाच होता म्हणून तो ज्यांवर सरकतो त्या पिना ओढून पाहिल्या. एक सरसर, दुसरी अडकत होती, तिचं रबर फुगलेलं. पेट्रोलियमचं साधं ग्रीस लागलं की या रबराचं असंच होतं. पिना मोकळ्या असत्या तर कॅलिपर डिस्कबरोबर थोडा सरकला असता आणि चाटणं कमी झालं असतं, म्हणजे या पिनेनेही हातभार लावलाय. नवं रबर, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. ज्यांची डिस्क फ्लोटिंग आहे (म्हणजे बाहेरचं कडं मधल्या भागाला सैल बटणांनी जोडलेलं आहे) त्यांनी बटणंही तपासावीत. ३०० मि.मी. ची डिस्क २०० अंशांनी तापली की व्यासाला सुमारे ०.६ मि.मी. वाढते, बटणं जाम असतील तर तिला वाढायला वाव राहत नाही आणि गरम झाल्यावरच थरथर सुरू होते.

स्टीलच्या जाळीची होज (ब्रेकच्या तेलाची नळी) बसवायचा बेत सध्या रद्द. ती चांगली वस्तू आहे, पण थरथरीवर तिचा काही उपाय नाही. कमी फुगणाऱ्या होजमधून ठोका उलट जास्त स्पष्ट येतो. डिस्क लेथवर टर्न करून घ्या हा सल्लाही सोडून द्या. इतकी पातळ स्टेनलेस डिस्क हत्याराखाली लवते. करायचंच तर सरफेस ग्राइंडिंग, आणि तेही किमान जाडी शिल्लक असेल तरच.

उद्या डिस्क दोन्ही बाजूंनी १२० च्या पेपरने घासून बेडिंग (पॅडचा सारखा थर डिस्कवर बसवणं) करायचं ठरलं होतं: ६० वरून १० पर्यंत दहा वेळा, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, कारण गरम पॅड एका जागी दाबून उभं राहिलं की तिथे थराचा ठसा उमटतो. पण हे लिहिताना लक्षात आलं की उरलेल्या ०.०७ मध्ये थोडा वाटा डिस्कचा आणि थोडा हबचा असणार. डिस्क पाचही जागी बसवून मोजली तर एखाद्या जागी दोघांचा कल एकमेकांना कापेल. म्हणून बेडिंग पुढे ढकललं. आधी पाच मापं, सगळ्यात कमी जिथे येईल तिथे खूण करून पक्कं आवळणं, मग पेपर, मग बेडिंग. त्यानंतर ३०० किलोमीटरला त्याच आठ खुणांवर पुन्हा मायक्रोमीटर. फरक ०.०१ च्या आत राहिला तर नोंद ५ छोटी असेल.