पहारेकऱ्याचीच झडती : आमची वाटचाल

नेटवर्कवरची घुसखोरी ओळखणारे सेन्सर बसवणं आणि सांभाळणं हा आमच्या छोट्या फर्मचा धंदा. सुरुवातीला कामाच्या यादीत तीनच ओळी होत्या : रूल (हल्ला ओळखायचे नियम) ताजे ठेवा, खोटे अलर्ट कमी करा, लॉग (नोंदी) जपा. स्नॉर्ट, सुरिकाटा, झीक ही सेन्सरवर चालणारी सॉफ्टवेअरं स्वतःच हल्ल्याचं लक्ष्य असू शकतात, हे त्या यादीत कुठेच नव्हतं. आज निम्म्याहून जास्त यादी त्याचीच आहे. ती अशी का बदलली आणि आता तिच्यात नेमकं काय काय असतं, ते इथे मांडतो.

वेब सर्व्हरला एकच भाषा समजावी लागते. सेन्सरला एचटीटीपी, डीएनएस, एसएमबी, आरपीसी, मॉडबस अशा सगळ्या भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, समजाव्या लागतात. त्याही दोन्ही बाजूंच्या, तुकडे जुळवून, आणि पाठवणारा कोण हे न विचारता. यातला बराचसा कोड सी भाषेतला, वेगासाठी लिहिलेला. पॅकेट पकडायला प्रोग्राम रूट, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, हक्कांनी सुरू होतो. म्हणजे सगळ्यात अविश्वासू डेटा, सगळ्यात जास्त पार्सर (आलेला डेटा उलगडून वाचणारा कोड) आणि सगळ्यात जास्त हक्क एकाच पेटीत कोंबलेले असतात.

इतिहास हेच सांगतो. मार्च २००३ मध्ये स्नॉर्टच्या आरपीसी प्रीप्रोसेसरमध्ये (रूल लावण्याआधी पॅकेट उलगडणारा भाग) बफर ओव्हरफ्लो, म्हणजे राखलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जाण्याचा दोष, सापडला. तुकड्यांत आलेले आरपीसी रेकॉर्ड एकत्र करताना लांबी नीट तपासली जात नव्हती. १.८ पासून १.९.० पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या आणि १.९.१ मध्ये दुरुस्ती आली. पुढच्याच महिन्यात टीसीपी जुळवणाऱ्या स्ट्रीम४ मध्ये इंटिजर ओव्हरफ्लो (आकडा त्याच्या जागेत न मावण्याचा दोष) निघाला. बॅक ओरिफिस हे यंत्र चोरून ताब्यात घेणारं टूल ओळखणाऱ्या प्रीप्रोसेसरचा ऑक्टोबर २००५ चा दोष (जाहीर दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२००५-३२५२) तर एका यूडीपी पॅकेटवर भागायचा. जोडणी उभारायची गरजच नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा चालायचा. फेब्रुवारी २००७ मध्ये डीसीई-आरपीसी प्रीप्रोसेसरची पाळी आली. यातल्या एकाही हल्ल्यासाठी सेन्सरचा आयपी पत्ता माहीत असावा लागत नव्हता. सेन्सर पाहत असलेल्या कुठल्याही यंत्राकडे पॅकेट धाडलं की झालं.

‘ऐकणाऱ्या इंटरफेसला आयपीच दिलेला नाही, मग भीती कसली?’ हा प्रश्न आम्हाला अजूनही विचारला जातो. उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. आयपी नसणं चांगलंच, एकदिशी टॅप त्याहून चांगला. पण हल्ल्याचं पॅकेट आत येतं ते ट्रॅफिकची प्रत देणाऱ्या आरशातूनच, आणि चाललेला शेलकोड (हल्लेखोराने घुसवलेला कोड) बाहेर पडतो मॅनेजमेंट इंटरफेसमधून, म्हणजे सेन्सर सांभाळायच्या वेगळ्या जोडणीतून. म्हणून आम्ही कुलूप तिथे लावतो. मॅनेजमेंटकडून बाहेर फक्त तीन वाटा मोकळ्या : लॉग सर्व्हरचा एक पोर्ट, रूल आणणारा प्रॉक्सी आणि वेळ जुळवणारा सर्व्हर. बाकी सगळं बंद, डीएनएससुद्धा. बंद वाटेवर सेन्सरने पाय ठेवला, तर तो अलर्ट दुसऱ्याच यंत्रावर वाजला पाहिजे. सेन्सरची तक्रार सेन्सरनेच करायची, ही व्यवस्था कामाची नाही.

पॅच लावायला किती दिवस घ्यायचे, हे आम्ही विटी या वर्मवरून (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) ठरवलं. मार्च २००४ मध्ये ब्लॅकआईस आणि रिअलसिक्युअर या सुरक्षा उत्पादनांतला आयसीक्यू (चॅट सेवा) पार्सरचा दोष १८ तारखेला जाहीर झाला आणि २० तारखेला वर्म फिरत होता. यूडीपीचा सोर्स पोर्ट ४०००, सुमारे ४५ मिनिटांत जवळपास १२,००० यंत्रं बाधित, आणि वर डिस्कवर कुठेही कचरा लिहिण्याची सवय. बाधित झालेलं प्रत्येक यंत्र सुरक्षेसाठी बसवलेलं सॉफ्टवेअर चालवत होतं. पॅकेट नुसतं पाहून कोड चालवता येत असेल, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ याला अर्थ उरत नाही.

त्यामुळे नव्या दोषाची सूचना हाती आली की पहिला प्रश्न : दोष कुठल्या पार्सरमध्ये आहे आणि तो आपल्याकडे चालू आहे का? बॅक ओरिफिसच्या वेळी कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बंद केली की धोका टळत होता. पॅच नंतर शांतपणे लावता आला असता. पण हे उत्तर पाच मिनिटांत द्यायचं तर यादी आधीच तयार हवी. प्रत्येक सेन्सरसाठी आम्ही इंजिनाची आवृत्ती, सोबतच्या लायब्ररी (पकडण्याची लिबपीकॅप, एचटीटीपीची लिबएचटीपी, रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याची, पीसीआरई) आणि प्रत्यक्ष लागू असलेलं कॉन्फिगरेशन लिहून ठेवतो. कागदावरचं नाही, चालू प्रोसेसने वाचलेलं. या दोहोंत फरक निघतोच. फायरवॉल आणि तयार पेट्यांच्या पोटात लपलेली इंजिनंही या यादीत येतात. दोष इंजिनात निघाला तरी पेटीचा पॅच वेगळा येतो, आणि बहुधा उशिरा.

नको ते पार्सर बंद ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. सुरिकाटामध्ये मॉडबस, डीएनपी३ हे औद्योगिक यंत्रणांचे पार्सर मुळातच बंद असतात; कुणीतरी ‘असू दे’ म्हणून चालू केलेले असतात. तिथे चालू आणि बंद यांच्या मधला पर्यायही आहे : प्रोटोकॉल फक्त ओळखायचा, पोटात शिरायचं नाही. अनपेक्षित ठिकाणी एसएमबी दिसला एवढं कळलं तरी पुरेसं असतं, तिथे आम्ही हाच ठेवतो. मात्र पार्सर बंद केला की त्यावर अवलंबून असलेले रूल निकामी होतात, आणि त्याचा गाजावाजा होत नाही. बदलानंतर कॉन्फिगरेशन चाचणी चालवून किती रूल लोड झाले आणि किती नाकारले गेले, हे दोन आकडे आधीच्या आकड्यांशी ताडून बघावेत.

क्रॅशपेक्षा वाईट काय?

प्रोसेस मेली तर निदान कळतं. ती जिवंत राहून काहीच करेनाशी झाली तर मोठी पंचाईत. स्नॉर्टच्या मॉडबस प्रीप्रोसेसरमधला २०२२ चा दोष (सीव्हीई-२०२२-२०६८५) असाच होता : इंटिजर ओव्हरफ्लोमुळे लूप संपेचना. सीपीयू शंभर टक्के, प्रोसेस यादीत हजर, सर्व्हिस हिरवी, अलर्ट शून्य. २.९.१९ आणि ३.१.११.० मध्ये तो दुरुस्त झाला. ‘प्रोसेस पडली तर पुन्हा उठव’ असं सांगितलेला सिस्टमडी (लिनक्समधला सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) अशा वेळी काहीच करत नाही, कारण पडलेलं काही नसतंच.

यावर आमचा उपाय म्हणजे नाडी. दर ५ मिनिटांनी एक निरुपद्रवी चाचणी पॅकेट सेन्सरसमोरून जातं, त्यासाठी एक खास रूल असतो आणि त्याचा अलर्ट लॉग सर्व्हरवर पोचलाच पाहिजे. दोन वेळा चुकला की फोन. इथे एक खाच आहे. सुरिकाटा प्रवाह वेगवेगळ्या थ्रेडवर (प्रोसेसमधल्या समांतर कामकऱ्यांवर) वाटतो, आणि ती वाटणी पत्ते-पोर्ट यांच्या हॅशवर, म्हणजे त्यांच्यापासून काढलेल्या आकड्यावर, ठरते. चाचणी नेहमी त्याच पोर्टांवरून गेली तर ती नेहमी त्याच थ्रेडवर जाते. ८ पैकी १ थ्रेड अडकला तर आठवा हिस्सा ट्रॅफिक आंधळा होतो आणि नाडी मात्र झकास लागते. म्हणून सोर्स पोर्ट बदलत सगळ्या थ्रेडना हात लागेल अशी चाचणी करायची, आणि आकडेवारी थ्रेडनिहाय चालू करून प्रत्येक थ्रेडचा पॅकेट-आकडा वाढतोय ना, हे बघायचं.

पुन्हा सुरू होण्यातही भोक आहे. सुरिकाटा मुळात अर्ध्यातून जोडण्या उचलत नाही. तीन पायऱ्यांचा हँडशेक दिसला नाही, तर त्या टीसीपी जोडणीचं प्रवाह म्हणून परीक्षण होत नाही. म्हणजे सेन्सर दहा सेकंदांसाठी पडला तरी त्याआधी उघडलेली दीर्घ जोडणी ती मिटेपर्यंत नजरेआड राहते. हल्लेखोराला सेन्सर ताब्यात घ्यायची गरज नाही. योग्य क्षणी एक क्रॅश पुरतो. अर्ध्यातून उचलण्याचा पर्याय आहे, पण त्याने दिशेचे गोंधळ आणि चकव्याच्या जागा वाढतात. आम्ही तो सरसकट लावत नाही. रीस्टार्ट मात्र घटना म्हणून नोंदवतो. रूल बदलताना रीस्टार्ट न करता चालू प्रोसेसमध्येच रीलोड करायचा. तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही रूलसंच काही काळ मेमरीत असतात, तेवढी जागा आधी मोजून ठेवायची. नाहीतर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) मेमरी मोकळी करायला नेमका सेन्सरच मारतो.

मेमरीच्या मर्यादांचंही तसंच. सुरिकाटाच्या नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये फ्लोसाठी (जोडण्यांची नोंद) १२८ एमबी, स्ट्रीमसाठी (टीसीपी सेशनं) ६४, रीअसेंब्लीसाठी (टीसीपी डेटा जुळवणं) २५६ आणि आयपीचे तुकडे जुळवण्यासाठी ३२ एमबी असते. अर्धवट जोडण्या आणि अपुरे तुकडे ओतून ही मर्यादा गाठली की नवं काही हिशेबात घेतलं जात नाही. ही मर्यादा सेन्सरला वाचवते आणि त्याच वेळी आंधळं करते. म्हणून कर्नलने टाकलेली पॅकेटं, मेमकॅपमुळे (याच मेमरी-मर्यादेमुळे) सोडलेली सेशनं आणि रीअसेंब्लीतल्या फटी हे तीन काउंटर अलर्टइतक्याच गांभीर्याने वाचायचे.

कमी पॅकेटांतही सेन्सरचा दम काढता येतो. २००३ मध्ये क्रॉस्बी आणि वॉलक यांनी ब्रो (आजचा झीक) याच्या हॅश टेबलमध्ये मुद्दाम एकाच कप्प्यात पडणाऱ्या नोंदी घुसवल्या. डायलअप मॉडेमपेक्षा कमी वेगाने सहा मिनिटं पॅकेटं गेल्यावर तो ७१ टक्क्यांपर्यंत ट्रॅफिक गाळू लागला. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या बॅकट्रॅकिंगमध्ये (नमुना जुळेना की मागे येऊन पुन्हा शोधणं) हाच डाव चालतो. त्यासाठी पीसीआरईला मर्यादा असतात, नेहमीचे आकडे ३५०० आणि १५००. ‘रूल जुळत नाही’ म्हणून त्या वाढवलेल्या दिसल्या, तर आम्ही आधी रूल बदलतो.

जिथे सेन्सर ओळीत बसून ट्रॅफिक अडवतो तिथे प्रश्न उलटा होतो : तो पडला तर नेटवर्क बंद की उघडं? लिनक्सच्या एनएफक्यूमध्ये (पॅकेट निर्णयासाठी प्रोग्रामकडे सोपवणारी रांग) बायपास पर्याय दिला की ऐकणारी प्रोसेस नसताना पॅकेट पुढे जातात. पण अडकलेली प्रोसेस ऐकणारी म्हणूनच मोजली जाते. रांग भरते आणि पॅकेट पडू लागतात, त्यासाठी फेल-ओपन (रांग भरली तर पॅकेट पुढे सोडणं) वेगळं लावावं लागतं. सुरिकाटा ७ मध्ये अपवाद-धोरण (मेमरी संपणं यांसारख्या अडचणीत पॅकेटचं काय करायचं ते) ओळीतल्या वापरासाठी मुळातच ‘टाकून द्या’ असं झालं. ६ वरून उडी मारताना हे वाचलं नाही तर चांगल्या जोडण्याही तुटतात, आणि दोष नेटवर्कवर येतो.

रूल हासुद्धा कोडच

हे पटवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. रूल म्हणजे नुसता मजकूर, असा समज असतो. २०२३ मध्ये सुरिकाटा ६.०.१३ ने दोन गोष्टी बंद केल्या : रूलमधल्या डेटासेट (रूल वापरतो ती मूल्यांची यादी) फाइलच्या नावातून हव्या त्या फोल्डरमध्ये लिहिता येणं, आणि बाहेरून आलेल्या रूलसोबतचा लुआ या स्क्रिप्ट-भाषेतला कोड चालणं. त्या आवृत्तीपासून दोन्हींसाठी मुद्दाम परवानगी द्यावी लागू लागली. जुनं कॉन्फिगरेशन घेऊन आलेल्या सेन्सरवर ती परवानगी ‘चालत होतं ते थांबलं’ म्हणून दिलेली आढळते, म्हणून आम्ही ती आधी शोधतो. रूल आणणारा युजर वेगळा, इंजिन चालवणारा वेगळा. इंजिनाला रूल फक्त वाचता यावेत. नवा संच आला की जुन्याशी फरक काढून त्यात लुआ किंवा डेटासेट लिहिण्याचे शब्द आले का, ते बघायचं.

हक्क कमी करताना गडबड होते ती ठरलेल्या जागी. युजर बदलतो, पण लॉग फोल्डर रूटच्या मालकीचं राहतं. पहिल्या दिवशी चालतं आणि रात्री लॉग फिरवल्यावर (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू केल्यावर) नवी फाइल उघडत नाही. सुरिकाटा ७ मध्ये नवी प्रोसेस जन्माला न घालण्याची मर्यादा आणि लँडलॉक (प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांपुरतं बांधणारी कर्नलची सोय) आहे. लँडलॉकला कर्नल किमान ५.१३ लागतो, आणि लिहिण्याच्या यादीत डेटासेटचं फोल्डर राहून गेलं तर डेटासेट जतन होत नाही. म्हणून हे सगळं एकदम न लावता एकेक लावतो, आणि प्रत्येकानंतर रीलोड, लॉग फिरवणं आणि रीस्टार्ट हे तिन्ही करून बघतो.

दुसऱ्या टोकाला अलर्ट दाखवणारा पडदा. यूआरएल, होस्टनेम, यूजर-एजंट हे हल्लेखोराने लिहिलेले शब्द तिथे जसेच्या तसे पोचतात. जेसन लॉगमध्ये अवतरणचिन्हं सांभाळली जातात, एचटीएमएलचे टॅग नाहीत. चाचणी सोपी : यूजर-एजंटमध्ये ठळक अक्षरांचा टॅग घालून एक विनंती पाठवा. पडद्यावर अक्षरं ठळक दिसली, तर विश्लेषकाचा ब्राउझर हल्ल्याला उघडा आहे.

आवृत्ती बदलण्याआधी आम्ही तीच पीकॅप फाइल (पकडून साठवलेली पॅकेटं) जुन्या आणि नव्या इंजिनावर चालवून सिग्नेचर क्रमांकानुसार अलर्ट ताडतो. शिवाय बिघडवलेली पीकॅप देतो. वायरशार्कसोबत येणाऱ्या एडिटकॅपला बिघाडाची शक्यता ०.०२, सुरुवातीचे ५४ बाइट सोडायला (इथरनेट १४, आयपी २०, टीसीपी २०) आणि ठरावीक सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) सांगितला की पुन्हा तशीच करता येणारी मोडकी पॅकेटं मिळतात. पण मोडलेल्या पॅकेटचा चेकसम (पॅकेट शाबूत आहे का ते सांगणारी बेरीज) चुकतो आणि इंजिन ते पार्सरपर्यंत नेतच नाही. सगळं पास झालं म्हणून आनंद होतो, पण तपासलं काहीच गेलेलं नसतं. टीसीपीरीराइटने चेकसम दुरुस्त करा, किंवा त्या चाचणीपुरती चेकसम तपासणी बंद ठेवा. इंजिन अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) बांधलेलं असेल तर क्रॅश न होणारे दोषही दिसतात. वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणून हे फक्त प्रयोगशाळेत.

खरा क्रॅश झालाच तर शेवटची पॅकेटं हाताशी हवीत. शेजारी डंपकॅप हा पॅकेट साठवणारा प्रोग्राम फिरत्या फाइलींमध्ये शेवटची १० मिनिटं लिहीत ठेवतो. तो पॅकेट फक्त उतरवतो, उलगडत नाही, त्यामुळे त्याच पॅकेटने सहसा पडत नाही. कोअर डंपमध्ये (क्रॅशच्या क्षणीची मेमरीची प्रत) लोकांचे पासवर्डही असू शकतात. त्याला वेगळं पार्टिशन आणि एकाच युजरचे हक्क. आणि ती पीकॅप स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर वायरशार्कने उघडू नये. तिथलेही डिसेक्टर (पॅकेट उलगडणारे पार्सर) त्याच जातीचे. नेटवर्क नसलेलं, नंतर पुसून टाकता येईल असं व्हर्च्युअल मशीन त्यासाठी तयार ठेवलेलं असतं.