मेसेज दिसत नाही म्हणजे नेमके काय? सिंक्रोनेट बोर्डाच्या परवानग्यांची तपासणी

सिंक्रोनेट हे बुलेटिन बोर्ड (बीबीएस) चालवण्याचे सॉफ्टवेअर. त्यावर चाचणी बोर्ड उभा आहे, टेलनेट (टर्मिनलवरून लॉगइन) आणि एनएनटीपी (न्यूज वाचकातून मेसेज वाचण्याची वाट) दोन्ही चालू आहेत. या फेरीचे काम एकच: ठराविक खात्यांना मेसेज दिसत नाहीत किंवा लिहिता येत नाहीत, याचे कारण प्रत्येक वेळी अंदाजाने नव्हे तर ठरलेल्या क्रमाने सापडले पाहिजे. खाली तो क्रम आहे, आणि तपासताना जे जे अडले तेही.

चाचणीसाठी चार खाती केली. पहिल्याची पातळी ५० आणि फ्लॅग (खात्याला दिलेली अक्षरी खूण) एकही नाही. दुसऱ्याची पातळी ५०, पण फ्लॅगच्या पहिल्या संचातला 'ए' दिलेला. तिसऱ्याची पातळी ६०, पण पोस्ट करण्यावर बंदी घालणारा 'पी' निर्बंध लावलेला. चौथे गेस्ट. सिसॉपचे (बोर्ड चालवणाऱ्याचे) खाते या तपासणीला निरुपयोगी आहे, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. ९० आणि त्यावरच्या पातळीचे खाते प्रत्येक सब-बोर्डाचे (मेसेजच्या एका विभागाचे) आपोआप ऑपरेटर, म्हणजे देखरेख करणारे, ठरते. त्याला खासगी मेसेज दिसतात, मंजुरीसाठी थांबलेलेही दिसतात. 'माझ्याकडे तर सगळे बरोबर दिसतंय' हे वाक्य त्या खात्यावरून बोलले असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

तक्रार कोणत्या दाराशी आहे?

वापरणारा 'मेसेज दिसत नाहीत' एवढेच सांगतो. त्या तीन शब्दांत पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, म्हणून पहिला प्रश्न असा: सब-बोर्डाचे नाव यादीत दिसते का? नावच नसेल तर अडचण प्रवेशाच्या अटीत आहे, आणि ती अट दोन ठिकाणी असते, ग्रुपवर (सब-बोर्डांच्या गटावर) आणि सब-बोर्डावर. दोन्ही पार झाल्याशिवाय पुढचे काही तपासलेच जात नाही. सब-बोर्डाची अट दहा वेळा वाचूनही चूक सापडत नसेल तर ती ग्रुपवर असते. नाव दिसते पण आत वाचता येत नाही, तर वाचनाची अट. वाचता येते पण लिहिता येत नाही, तर लेखनाची अट, निर्बंध किंवा रोजची मर्यादा. बाकी सगळे दिसते आणि एकच मेसेज गायब असेल, तर परवानगीकडे न जाता त्या मेसेजच्या हेडरकडे (मजकुराबाहेरच्या नोंदीकडे) जायचे. आणि बोर्ड 'नवीन मेसेज नाहीत' म्हणत असेल तर परवानगीचा संबंधच नाही. तिथे त्या खात्याची न्यू-स्कॅनची निवड (नवे मेसेज कुठे शोधायचे ती यादी) आणि शेवटचा वाचलेला क्रमांक बघा. क्रमांक पुढे सरकलेला असला की मधले सगळे मेसेज 'वाचलेले' समजले जातात. स्कॅनच्या मेनूतून तो मागे आणता येतो.

या सगळ्या अटी (एआरएस) एससीएफजी या बोर्डाच्या मांडणीच्या साधनात मेसेज एरियाज, मग ग्रुप, मग सब-बोर्ड या वाटेने सापडतात. प्रत्येक सब-बोर्डाला प्रवेश, वाचन, लेखन, ऑपरेटर आणि मंजुरी लागणारा लेखक अशा पाच वेगळ्या अटी आहेत.

रिकाम्या अटीचा अर्थ पाचही ठिकाणी सारखा नाही. प्रवेश, वाचन आणि लेखन रिकामे असेल तर सर्वांना मोकळे. ऑपरेटर रिकामे असेल तर सिसॉपशिवाय कोणीच ऑपरेटर नाही. मंजुरी लागणारा लेखक रिकामे असेल तर कोणाचाच मेसेज मंजुरीसाठी थांबत नाही. 'रिकामे म्हणजे सगळे' हा नियम डोक्यात धरून ऑपरेटरची जागा मोकळी सोडली, तर नेमलेला माणूस मेसेज मंजूर करू शकत नाही आणि रांग तशीच राहते.

अट लिहिताना

'लेव्हल ६०' म्हणजे ६० किंवा जास्त, नेमके ६० नव्हे. त्यामुळे 'लेव्हल ५० ऑर लेव्हल ६०' यातला दुसरा भाग फुकट. ६० च्या खालच्यांसाठी 'नॉट लेव्हल ६०'. दोन अटींच्या मध्ये काहीच लिहिले नाही तर 'अँड' धरला जातो.

अँड आणि ऑर एकाच ओळीत आले की कंस घालायचेच. 'लेव्हल ६० ऑर फ्लॅग १ए अँड एज १८' ही ओळ वाचून दोन माणसे दोन अर्थ काढतात. वयाची अट सर्वांना हवी असेल तर पहिल्या दोन अटी कंसात घालून वयाची अट बाहेर ठेवायची. कंसाला कष्ट शून्य, आणि सहा महिन्यांनी ती ओळ पुन्हा वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

वयाची अट जन्मतारखेवर चालते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या खात्यांत ती तारीख रिकामी असेल तर वय शून्य धरले जाते आणि 'एज १८' कधीच पार होत नाही. चाळीशीचा माणूस बाहेर राहिला तर पहिल्यांदा त्याची जन्मतारीख बघा.

खाते काल चालत होते आणि आज चालत नाही, अशी तक्रार असेल तर मुदत बघा. खात्याला संपण्याची तारीख असते. ती उलटली की पातळी खाली येते, ठरवलेले फ्लॅग निघतात आणि ठरवलेले निर्बंध लागतात. या किमती एससीएफजीत सिस्टिमच्या सुरक्षा पर्यायांत मुदत संपलेल्या खात्यांसाठी वेगळ्या लिहिलेल्या असतात. तिथे अट बदलण्यात अर्थ नाही, खाते दुरुस्त करायचे. घाईने चुकीचा क्विक-व्हॅलिडेशन संच लावला तरी पातळी आणि फ्लॅग दोन्ही बदलतात.

अंदाज संपवणारा डोअर

सगळ्यात उपयोगी ठरली ती छोटी जावास्क्रिप्ट. एमएसजी एरिया या ऑब्जेक्टमध्ये 'सब' नावाची यादी असते, आणि त्यातल्या प्रत्येक सब-बोर्डाला आतल्या कोडने हात घालता येतो. प्रत्येकाचे पाच गुणधर्म छापायचे: कॅन ॲक्सेस, कॅन रीड, कॅन पोस्ट, इज ऑपरेटर, इज मॉडरेटेड. शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, सगळी अक्षरे लहान. ही फाइल एक्स्टर्नल प्रोग्रॅम, म्हणजेच डोअर, म्हणून लावायची. कमांडच्या ओळीत आधी प्रश्नचिन्ह आणि लगेच स्क्रिप्टचे नाव, म्हणजे बोर्ड ती जावास्क्रिप्ट म्हणून चालवतो. मग चाचणीच्या खात्याने आत जाऊन तो डोअर उघडायचा. उत्तर त्याच खात्याच्या नजरेतून मिळते.

एक खबरदारी. ग्रुपच्या यादीतून सब-बोर्डांची यादी काढली तर त्यात फक्त प्रवेश असलेलेच येतात, म्हणजे जे हरवले आहे तेच नेमके दिसत नाही. त्यासाठी आतल्या कोडची यादीच वापरावी. तिथे प्रवेश नसलेला सब-बोर्ड 'फॉल्स' लिहून समोर येतो.

चारही खात्यांवर हा डोअर चालवला. पातळी ६० आणि 'पी' निर्बंध असलेल्या खात्याला वाचन 'ट्रू', लेखन 'फॉल्स', आणि तेही लेखनाची अट पूर्ण रिकामी असताना. निर्बंध अटीच्या बाहेर, वेगळा तपासला जातो, हे यातून ठळकपणे दिसते. याचाच भाऊ 'एन' निर्बंध: तो फक्त नेटवर्कवरच्या सब-बोर्डांत लिहू देत नाही. स्थानिक सब-बोर्डात पोस्ट होते आणि डव्ह-नेट या बोर्डांच्या नेटवर्कवर होत नाही, असे झाले की आधी 'एन' बघा.

रोजच्या पोस्टची मर्यादा पातळीनुसार ठरते, सिस्टिमच्या सुरक्षा पातळ्यांच्या तक्त्यात. ती संपली की लेखन त्या दिवसापुरते थांबते आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होते. 'कधी चालते, कधी नाही' या तक्रारीचे हे साधे कारण बरेचदा नजरेतून सुटते.

एकच मेसेज गायब

इथे एसएमबी-युटिल या मेसेजच्या फायली हाताळणाऱ्या साधनाला 'व्ही' देऊन हेडर बघायचे आणि ॲट्रिब्यूटची किंमत वाचायची. ती सोळाच्या आधाराने असते. १ म्हणजे खासगी: पाठवणारा, ज्याला पाठवला तो आणि ऑपरेटर एवढ्यांनाच दिसेल. १० म्हणजे पुसलेला, फक्त अजून पॅक होऊन फाइलीतून गेलेला नाही. ८० म्हणजे मंजुरीसाठी थांबलेला, १८० म्हणजे मंजुरी मिळालेला. या किमतींची बेरीज होते, म्हणून ८१ दिसले तर मेसेज खासगीही आहे आणि थांबलेलाही. एखाद्या सब-बोर्डावर मंजुरी चालू असेल तर आधी थांबलेली रांग ऑपरेटरच्या खात्याने रिकामी करावी, मगच बाकी तपासणी. अर्धी रांग तुंबलेली ठेवून घेतलेले निकाल फसवे निघतात.

बदल केला, फरक पडला नाही

एससीएफजीत दुरुस्ती करून बाहेर आलो म्हणजे चालू सर्व्हरने ती वाचली असे नाही. कंट्रोल फोल्डरमध्ये 'रिसायकल' नावाची रिकामी फाइल 'टच' केली की सर्व्हर पुन्हा मांडणी वाचतात. पण टर्मिनल सर्व्हर ही खूण कोणताही नोड (लॉगइनची जागा) चालू नसतानाच तपासतो. तपासणारा स्वतः दुसऱ्या खिडकीत लॉगइन ठेवून बसला असेल तर रिसायकल होतच नाही, आणि तो बरोबर केलेली अट पुन्हा पुन्हा बदलत बसतो. सगळ्या खिडक्या बंद, रिसायकल, लॉगमध्ये खात्री, मग नवे लॉगइन. हा क्रम पाळल्यावर 'लागू न होणाऱ्या' दुरुस्त्या बहुतेक लागू झाल्या.

फाइलींची मालकी

लिनक्सवर हा वेगळाच थर आहे आणि बाहेरून अगदी परवानगीच्या अडचणीसारखा दिसतो. डेटा फोल्डरच्या 'सब्स' मध्ये प्रत्येक सब-बोर्डाच्या एकाच नावाच्या अनेक फायली असतात: एसएचडीमध्ये हेडर, एसडीटीमध्ये मजकूर, एसआयडीमध्ये अनुक्रमणिका. बोर्ड साध्या खात्याने चालतो. कोणी एसएमबी-युटिल रूट म्हणून चालवला आणि त्यातून नवी फाइल तयार झाली, तर ती रूटच्या मालकीची होते आणि बोर्डाला तिच्यात लिहिता येत नाही. वापरणाऱ्याला चूक दिसते, एआरएस मात्र निर्दोष. ओळख सोपी: डेटा फोल्डरमधल्या एरर लॉगमध्ये १३ क्रमांकाची चूक (परवानगी नाकारली). उपाय म्हणजे बोर्ड थांबवून संपूर्ण डेटा फोल्डरची मालकी बोर्डाच्या खात्याकडे परत देणे, आणि यापुढे सगळी साधने त्याच खात्याने चालवणे. त्याच फोल्डरात 'लॉक' या शेपटाची जुनी फाइल उरली असेल तर तो मेसेज बेस (त्या सब-बोर्डाच्या या फायली) उघडताना वेळ संपतो. ती काढण्याआधी कोणते साधन खरेच चालू नाही ना, एवढे बघा.

सब-बोर्डाचा आतला कोड बदलला असेल तर फायलींची नावेही जुळतात का ते पाहावे, कारण फाइलचे नाव त्या कोडवरून बनते. सब-बोर्ड अचानक पूर्ण रिकामा दिसला आणि जुन्या नावाच्या फायली शेजारी तशाच पडलेल्या असतील, तर मेसेज हरवलेले नाहीत.

दुसऱ्या वाटेने येणारे

एनएनटीपीवरून येणाऱ्याला तेच एआरएस लागते, पण तिथे टर्मिनल नसते. 'एएनएसआय' (रंगीत टर्मिनल) ही अट ठेवलेला सब-बोर्ड टेलनेटवर दिसतो आणि न्यूज वाचकात दिसत नाही. दिसण्याची सजावट म्हणून टाकलेली ही अट प्रवेशाच्या ओळीत ठेवू नये. न्यूज वाचक ग्रुपची यादी साठवून ठेवतात, म्हणून बदलानंतर यादी नव्याने मागवायची.

फिडोनेट या बोर्डांच्या जाळ्यावरून आलेले मेसेज एसबीबीएस-एको हा प्रोग्रॅम थेट बेसमध्ये टाकतो. लेखनाची अट लॉगइन केलेल्या खात्याला लागते, आलेल्या पाकिटाला नाही. म्हणून 'लेखन फक्त ९०' असलेल्या सब-बोर्डातही बाहेरचे मेसेज येत राहतात. क्यूडब्ल्यूके नेटवर्कचे (बोर्डांमध्ये मेसेजची पाकिटे नेण्याची दुसरी पद्धत) उलट आहे: खालचा नोड 'क्यू' निर्बंध असलेल्या साध्या खात्यानेच येतो, आणि त्या खात्याला प्रवेश, वाचन, लेखन तिन्ही लागतात. पाकीट जाते पण एक सब-बोर्ड त्यात नसतो, तेव्हा वरचा डोअर त्या खात्याच्या पातळीवर आणि फ्लॅगवर बेतलेले चाचणी खाते करून चालवावा.

सध्या बाकी: गेस्टसाठी लेखनाच्या अटीत 'नॉट गेस्ट' सगळ्या सब-बोर्डांवर घालणे आणि चारही खात्यांवर डोअरचा निकाल पुन्हा नोंदवणे. मंजुरीच्या सब-बोर्डावर ऑपरेटर म्हणून पातळी ५० आणि 'ए' फ्लॅगचे दुसरे खाते नेमले आहे. त्याच्या हातून ८० ची किंमत १८० होते का, हे पुढच्या फेरीत.